दोन बोटं डावीकडे

सारंगखेड्याच्या यात्रेला चार दिवस.
दोंडाईच्याच्या रस्त्यानं टेम्पोतून घोडे चाललेत,
आयाळीत गोंडे गुंफलेले,
आणि मिरचीच्या खळ्यांवरून सुटलेला वारा
माझ्या लेथपाशी येऊन शिंकतो.

यावलच्या हुरमतबाई तडवीनं
गोणपाटातून छर्‍याची बंदूक काढली, बाकावर ठेवली.
"लोटनभाऊ, गोळी जास फुग्यापावत,
त्याले हात लावस, न् वापस येस."

मी लगेच खोलत नाही.
खोलणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या डब्यांत
बिनमालकाच्या स्प्रिंगा गंजत पडतात.
मी आधी नळी मोडतो, हळू, कान लावून.
अर्ध्या वाटेवर करकर.
म्हणजे आत एकीच्या दोन झाल्यात
आणि एकमेकींत पाय अडकवून बसल्यात.

मग जोडावर विडीच्या बंडलाचा पातळ कागद धरतो,
छर्रा घालून. रिकामी उडवू नये, कधीच;
पुढे हवेची उशी नसली
की दट्ट्या थेट भिंतीवर डोकं आपटतो.
कागद फडफडला.
वाराही चोरीला जातोय तर.

"तेल कोणी घातलं?"
"त्यास्नी. गेल्या साली. शेंगदाण्याचं."
"मग?"
"मंग धूर निंघना, आवाज बी मोठा.
लोके जमनात. म्हने बंदुकीले जवानी उनी."
मी काही बोललो नाही.
आत तेल पेटतं, थोडंसंच,
आणि त्या जवानीच्या महिन्याभरात स्प्रिंग तुटते.
गंभीर तडवी फाल्गुनात गेला,
हे मला गोणपाटाच्या सुतळीवरून कळलं.
ती त्याची गाठ नव्हती.

स्प्रिंग काढताना शिकंजा लावतो.
भुवईवरचा हा व्रण, एकदा न लावल्याचा.
चामड्याचं वॉशर पापडासारखं कडक.
नवं कापलं, घोड्याच्या तुटक्या लगामातून,
रात्रभर तेलात बुडवून ठेवलं.
आणि घोडा!
यात्रेत हजार घोडे येतील, दात बघून भाव ठरतील;
हिचा एकच, तोही दात झिजलेला,
नळी मिटताच आपोआप सुटणारा.
त्याला कानस लावली दोनदा.
तिसऱ्यांदा नाही.

सकाळी मागच्या दारावर खडूचा गोल.
तीन छर्रे, तिन्ही एकाच भोकात,
पण गोलाच्या दोन बोटं डावीकडे.
माशी पाहिली: उजवीकडे सारलेली,
वरून पंच मारून कायमची.
मी हातोडी उचलली.

"ती ऱ्हाऊ दे, भाऊ.
ती बिघडेल नही. ती तशी करेल शे."
मग, गोणपाटाची घडी घालत,
"त्या दोन बोटेस्मा आमनं घर चालस."

हातोडी खाली ठेवली. पुन्हा उचलली. मग चहा सांगितला.
दुरुस्त कशाला म्हणायचं
हे उस्तादानं शिकवलं होतं की मी त्या दिवशी
सुट्टीवर होतो, आठवेना.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी यात्रेत गेलो.
गॉगलवाला पोरगा, ट्रॅक्टर एजन्सीची टोपी,
दहा छर्‍यांत एक फुगा.
पैसे दिले, शिव्या मात्र नळीला दिल्या.
मग एक मुलगी, फ्रॉकवर मोठ्या भावाचा स्वेटर,
बंदूक तिच्याहून लांब.
हुरमतबाई वाकली, तिच्या कानाशी काही बोलली.
नळी उजवीकडे सरकली.
फट.
पुन्हा फट.

लोक फुटलेल्या लाल चिंध्यांकडे बघत होते.
मला त्या आवाजात एवढंच ऐकू आलं:
वॉशर अजून एक थेंब मागतंय.
एकच.